गिअरची जुनी सायकल कशी जुळवावी

चढ लागला की आपण सायकलवरून उतरतो. सायकल हाती धरून ढकलत वर नेतो. साध्या सायकलला दुसरा इलाजच नाही. पण गिअरची सायकल तुम्ही रस्त्याने जाताना पाहिली असेल. बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची. तिचा स्वार चढावरही बसून राहतो. तो काही मोठा पैलवान नसतो. युक्ती असते ती सायकलीच्या दात्यांत.

अशी जुनी सायकल कुणी शहरातून स्वस्तात आणतो. पोरगा चार दिवस हौसेने फिरवतो. मग चेन खडखडू लागते, मध्येच पडते, आणि सायकल गोठ्यात जाऊन बसते. पुष्कळदा सायकल चांगलीच असते. तिचा गिअर तेवढा जुळलेला नसतो. एक पाना, एक स्क्रूड्रायव्हर, थोडे रॉकेल, एक चिंधी आणि तासभर शांत डोके, एवढे असले म्हणजे तो घरी जुळवता येतो.

आधी गिअर म्हणजे काय ते समजून घेऊ. डोक्यावर भारा घेऊन चढण चढताना आपण लहान पावले टाकतो. सपाटीला लांब ढांगा टाकतो. सायकलीचेही तसेच आहे. पायडलजवळच्या चक्राला ४२ दाते आहेत आणि मागच्या चाकावर चेन १४ दात्यांच्या चकतीवर आहे असे समजा. ४२ भागिले १४ म्हणजे ३. पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक ३ वेळा फिरते. चाकाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ७ फूट जाते. म्हणजे ती एकंदर २१ फूट गेली. ही लांब ढांग. आता तीच चेन मागे २८ दात्यांच्या चकतीवर घातली, तर चाक दीडच वेळा फिरेल. सायकल साडेदहा फूटच जाईल, पण पायाला जोर निम्मा लागेल. हे लहान पाऊल. मुंबई-पुणे शर्यतीचे सायकलवाले खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढतात, ते याच हिशेबावर.

फ्रान्स देशात 'टूर द फ्रान्स' नावाची मोठी सायकल शर्यत होते. तिथे १९३७ सालापर्यंत चालता चालता चेन सरकवण्याच्या यंत्राला बंदी होती. त्याआधी शर्यतवाले घाटाच्या पायथ्याशी उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवत, कारण त्याच्या दुसऱ्या बाजूला मोठी चकती असे. मागून लोक पुढे निघून जात! पुढे इटलीतल्या कांपान्योलो यांच्या कारखान्याने १९५० च्या सुमारास जो नमुना काढला, त्याच घाटाची यंत्रे पुष्कळ जुन्या सायकलींवर दिसतात.

या यंत्राला डिरेलर म्हणतात. नाव अवघड आहे. आपण त्याला 'सरकता हात' म्हणू. मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला, चकत्यांच्या खाली, तो लोंबतो. त्यात दोन लहान कप्प्या असतात आणि एक स्प्रिंग असते. स्प्रिंग त्याला बाहेर, म्हणजे लहान चकतीकडे ओढते. हँडलखालच्या नळीवर एक लिव्हर असते. तिची तार त्याला आत, मोठ्या चकतीकडे ओढते. एक ओढतो इकडे, दुसरा ओढतो तिकडे. या दोघांची मर्यादा बांधून देणे, हेच सारे काम.

कामाला बसताना सायकल उलटी ठेवू नका. उलटी ठेवली की वर-खाली कोणते याचा घोळ होतो. आढ्याला दोर बांधून मागचे चाक जमिनीपासून वीतभर उचलावे. मग चेन, कप्प्या आणि चकत्या रॉकेलने धुऊन पुसून घ्याव्यात. जुन्या तेलात माती मिसळली की ती कानशीसारखी दाते खाते.

आता मागे उकिडवे बसा आणि सरळ रेषेत बघा. दोन्ही कप्प्या एकीखाली एक, चकतीच्या ओळीत दिसायला हव्यात. खालची कप्पी स्पोककडे झुकली असेल तर ज्या लोखंडी कानाला हात टांगला आहे तो वाकला आहे. सायकल उजव्या अंगावर पडली की असे होते. तो कान आधी सरळ करावा. पोलादाचा असेल तर हळू हळू वळतो. ॲल्युमिनियमचा असेल तर मोडेल, तो कारागिराकडेच न्यावा. कान वाकडा ठेवून पुढचे काम केले तर ते सारे फुकट जाते. नवा हात बसवायचा असेल तर बोल्ट आधी नुसत्या बोटांनी फिरवावा. आटे जुळत नसतील तर पान्याने जोर करू नये. कानाचे आटे गेले तर सायकलच्या सांगाड्यालाच खोट येते.

चेनविषयी एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. आपल्या साध्या सायकलची चेन रुंद असते. ती गिअरच्या सायकलला चालत नाही, शेजारच्या चकतीला घासते. दुकानदाराकडे 'गिअरची बारीक चेन' असे सांगून मागावी. लांबी अशी मोजावी: चेन सरकत्या हातातून न घालता पुढच्या मोठ्या चक्रावरून आणि मागच्या मोठ्या चकतीवरून ताणून आणावी. टोके जिथे भेटतील त्यापेक्षा एक इंच, म्हणजे दोन कड्या, जास्त ठेवाव्यात. आखूड चेन घातली तर एखादे दिवशी ती हातच उपटून काढील. मग चेन वरच्या कप्पीच्या पुढून आणि खालच्या कप्पीच्या मागून, नागमोडी ओवून जोडावी.

आता खरे जुळवणे. सरकत्या हातावर दोन बारीक स्क्रू दिसतील. ते काही जोडायचे स्क्रू नव्हेत. ते कुंपणाचे खांब आहेत. एक म्हणतो, बाहेर इथवरच. दुसरा म्हणतो, आत इथवरच. तार ढिली असताना जो स्क्रू फिरवला की हात हलतो, तो बाहेरचा. स्क्रू आत पिळला की कुंपण जवळ येते, सैल केला की लांब जाते. पाव फेरा फिरवावा, पायडल फिरवून पाहावे, मग पुन्हा पाव फेरा. घाई नको.

तार सोडून द्या. चेन सर्वांत लहान चकतीवर येईल. वरची कप्पी बरोबर त्या चकतीच्या खाली यावी, असा बाहेरचा स्क्रू लावा. फार सैल राहिला तर चेन चकतीच्या बाहेर पडते आणि सांगाड्यात अडकते. फार पिळला तर ती लहान चकतीवर उतरतच नाही. मग लिव्हर पूर्ण पुढे ढकलून तार हाताने ताणावी आणि नटाखाली घट्ट करावी. तारेवरच्या वेष्टणाचे टोक चेपलेले असेल तर तेवढे सरळ कापून टाकावे. तारेला थोडे तेल द्यावे.

आतला स्क्रू मात्र जिवाचा आहे. तो सैल राहिला तर मोठ्या चकतीवर चढणारी चेन तिच्याही पलीकडे उडी मारते, आणि चकती व स्पोक यांच्या फटीत पडते. कधी कधी सरकता हातच स्पोकमध्ये ओढला जातो. चाक जागच्या जागी अडकते. हे घडते केव्हा? चढावर, स्वार पायावर जोर देत असतो तेव्हा. मागून ट्रक येत असेल तर काय होईल ते मी सांगायला नको. म्हणून पायडल एका हाताने हळू फिरवा, दुसऱ्या हाताने लिव्हर थोडी थोडी ओढा. चेन मोठ्या चकतीवर आली की थांबा. आता आतला स्क्रू पिळत आणा, हात त्याला टेकेपर्यंत. मग लिव्हर मुद्दाम जोराने ओढून पाहा. चेन पुढे जाता कामा नये. ही परीक्षा दहा वेळा घ्या. पण फिरत्या चाकाजवळ बोटे नेऊ नका, आणि धोतराचा सोगा किंवा पदर खोचून बसा. लहान मुलांना तर लांबच ठेवा.

पायडलजवळ दोन चक्रे असतील तर तिथेही चेन ढकलणारा एक पिंजरा असतो. तो मोठ्या चक्राच्या दात्यांपासून एक-दोन मिलिमीटर वर आणि चक्राला समांतर असावा. त्याचेही दोन स्क्रू असतात, रीत तीच.

जुन्या लिव्हरला खटके नसतात. टक टक असा आवाज करणाऱ्या खटक्याच्या लिव्हर जपानच्या शिमानो कंपनीने १९८४ साली आणल्या. जुनी लिव्हर नुसती घट्टपणावर राहते. स्वाराने कानाने ऐकायचे. चेन कुरकुरते तोवर लिव्हर किंचित मागेपुढे करायची, आवाज थांबला की बसली. चालता चालता गिअर आपोआप बदलत असेल तर लिव्हरचा मधला स्क्रू घट्ट करावा. पुष्कळजण अशा वेळी नवा डिरेलर विकत घेतात, ते पैसे वाया जातात.

वापरताना गिअर नेहमी पायडल फिरत असताना बदलावा, उभ्या सायकलवर नव्हे. चढ समोर दिसला की पायथ्याशीच चेन मोठ्या चकतीवर घ्यावी. अर्ध्या चढावर दात ओठ खात लिव्हर ओढली तर चेन आणि दाते दोन्ही झिजतात. पुढे मोठे चक्र नि मागे मोठी चकती अशी जोडी करू नये, चेन तिरपी चालते.

नवी तार पहिल्या आठवड्यात थोडी ताणते. चेन मोठ्या चकतीवर चढेनाशी झाली तर घाबरू नका आणि स्क्रूंना हात लावू नका. लिव्हर पुढे करा, नट सोडा, तार ओढा, नट पुन्हा आवळा. तारेचे टोक मात्र उघडे ठेवू नका. ते उसवते आणि पोटरीला टोचते. त्यावर लहानशी टोपी दाबून बसवतात, सायकलच्या दुकानात मिळते.