लॅपटॉपमधला पोटहिस्सा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एके सकाळी माझा लॅपटॉप सुरूच होईना. तालुक्याच्या गावी एका दुकानात तो दुरुस्तीला नेला. तिथल्या मुलाने उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, "सर, विंडोज नव्याने टाकावी लागेल. सी ड्राइव्हमध्ये काही ठेवलंय का?" मी बेधडक सांगितले, "छे! सीला मी कधी हातसुद्धा लावलेला नाही." त्याने सी पुसून काढला. संध्याकाळी लॅपटॉप नव्यासारखा चालू झाला. आणि माझा डेस्कटॉप कोरा करकरीत होता.

काय गेले म्हणून विचाराल, तर प्रश्नपत्रिका गेल्या, टिपणे गेली. ते फिरून लिहिता येते. पण आमच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव जाऊन जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या, त्याही गेल्या. ज्या आजींनी त्या म्हटल्या, त्यांपैकी काही आज हयात नाहीत. चूक त्या मुलाची नव्हती. डेस्कटॉप हा सी ड्राइव्हच्याच पोटात असतो, एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती.

ती आपणांस ठाऊक असावी, म्हणून आजचा हा विषय. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स ही सगळी घरे नवीन लॅपटॉपवर बहुधा सी ड्राइव्हमध्येच असतात. आणि विंडोज, म्हणजे यंत्र चालवणारी प्रणाली, तीही तिथेच. प्रणाली बिघडली की पुष्कळदा सी पुसावा लागतो. मग ओल्याबरोबर सुकेही जळते. (सीच का, ए आणि बी कुठे गेले, असे मुले हमखास विचारतात. ती अक्षरे पूर्वी फ्लॉपीच्या दोन खाचांना दिलेली होती. हार्ड डिस्क नंतर आली आणि तिला सी हे अक्षर मिळाले. 1983 साली आलेल्या आयबीएमच्या एक्सटी संगणकातली डिस्क अवघी 10 एमबीची होती!)

यावर उपाय म्हणजे डिस्कचे दोन हिस्से करणे : सीमध्ये प्रणाली, डीमध्ये आपला ऐवज. हे शेतीच्या भाषेत सहज समजते. डिस्क हा एक गट. त्यात खरीखुरी भिंत उभी राहत नाही. डिस्कवर पार्टिशन टेबल नावाची एक नोंद असते. कोणता हिस्सा कुठून कुठवर, ते तीत लिहिलेले असते. जणू डिस्कचा सातबाराच म्हणा ना. आपण करायचे ते इतकेच, की सीचा बांध अलीकडे घ्यायचा आणि सुटलेल्या जागेचा पोटहिस्सा पाडायचा.

पण त्याआधी तीन गोष्टी करा. पहिली, सर्व महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर काढा आणि ती उघडते की नाही, हे दुसऱ्या संगणकावर पाहा. दुसरी, चार्जर लावून ठेवा; बांध सरकत असताना वीज जाणे बरे नव्हे. तिसरी, अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपांत डिस्क कुलूपबंद असते. बिटलॉकर म्हणतात त्याला. त्याची 48 आकडी किल्ली कागदावर उतरवून ठेवा.

आता प्रत्यक्ष कृती. विंडोजचे बटन आणि एक्स एकदम दाबा. येणाऱ्या यादीतून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. खाली डिस्कची लांबट पट्टी दिसेल. 512 जीबीची म्हणून घेतलेली डिस्क तिथे 476च्या आसपास दिसते. दुकानदाराने फसवले असे समजू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024च्या पटीत, एवढाच तो फरक. त्याच पट्टीत 'रिकव्हरी' वगैरे नावाचे लहान तुकडेही दिसतील. ते दुरुस्तीसाठी आणि यंत्र सुरू होण्यासाठी राखलेले असतात, त्यांना हात लावू नका.

सीवर उजवी कळ दाबून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडा. किती जागा काढायची, ते एमबीमध्ये लिहायचे असते. 300 जीबी हवे असतील, तर 300 गुणिले 1024, म्हणजे 307200. सीला मात्र उपाशी ठेवू नका. विंडोज 11 साठी किमान 64 जीबीची डिस्क लागते. पुढे अद्ययावतीकरण आणि इतर प्रोग्राम येतात ते वेगळेच. दीडशे जीबी सीला सोडले, तर बहुतेकांचे भागते.

कधी कधी जागा मोकळी दिसत असूनही विंडोज म्हणते, इतके काढता येणार नाही. असे का? शेतात मध्येच विहीर असली की ती उचलून बाजूला ठेवता येत नाही. तशा काही प्रणालीच्या फाइली जागच्या हलत नाहीत, आणि बांध त्यांच्या अलीकडे येत नाही. अशा वेळी मिळेल तेवढ्यावर समाधान माना, जबरदस्ती नको.

सुटलेली जागा काळ्या पट्टीने दिसते. तिच्यावर उजवी कळ दाबा, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' घ्या आणि सुचवलेले पर्याय मान्य करत पुढे जा. नावाच्या जागी 'दप्तर' असे लिहा. झाला आपला डी ड्राइव्ह तयार. (डी हे अक्षर आधीच दुसऱ्या कशाला दिलेले असेल, तर ई मिळेल, बिघडत काही नाही.)

नुसता पोटहिस्सा पाडून धान्य आपोआप तिकडे जात नाही, बरं का! डीमध्ये 'डॉक्युमेंट्स' नावाचा फोल्डर करा. मग मूळ डॉक्युमेंट्सवर उजवी कळ, 'प्रॉपर्टीज', 'लोकेशन', 'मूव्ह' या वाटेने तो नवा फोल्डर दाखवा. डेस्कटॉपसाठी असाच दुसरा, वेगळा फोल्डर करा. दोघांना एकच जागा दिली, तर घोटाळा होतो. पुढे विंडोज नव्याने टाकायची वेळ आली, तर दुकानदाराला स्पष्ट सांगा, "फक्त सी पुसा, डीला हात लावू नका," आणि जमल्यास शेजारी उभे राहा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. बांध घातला तरी जमीन एकच असते. डिस्कच बिघडली, लॅपटॉप चोरीस गेला, व्हायरसने गाठले, तर सी आणि डी दोन्ही जातात. पोटहिस्सा प्रणालीच्या बिघाडापासून वाचवतो, पुरापासून नव्हे. म्हणून बाहेरची प्रत हवीच. महिन्यातून एक दिवस तीसाठी नेमून टाका.

शिक्षक मित्रांना विशेष विनंती आहे. शाळेच्या लॅपटॉपवर मुलांचे निकाल, दाखले, छायाचित्रे असतात. आज शाळेत गेल्यावर एवढेच पाहा, की त्यात डी आहे की नाही, आणि असला तर त्यात काही ठेवलेले आहे की तो रिकामाच पडला आहे. मी हे पाहिले असते, तर त्या ओव्या आज माझ्यापाशी असत्या.