जन्मतारीख एक दिवस मागे का जाते?

मंडळी, मागच्या वेळी एक प्रश्न राहिला होता: आपण कुठल्या टाइमझोनमध्ये आहोत, हे प्रोग्रामला कळतं कसं? तर त्याला कळत नाही, तो मशीनला विचारतो. इथे कर्जतमध्ये लॅपटॉपवर जावास्क्रिप्टला ऑफसेट विचारला की उणे ३३० येतो. उणे, कारण ते फंक्शन यूटीसीतून आपली वेळ वजा करतं. आकडा मिनिटांत असतो. त्याचे पूर्ण तास काढायला गेलात तर आपला अर्धा तास गळतो.

आता समजा, खालापूर तालुक्यातल्या एक आजी आहेत, जन्म १० जून १९४३. अर्जात फक्त तारीख होती, म्हणून प्रोग्रामने मध्यरात्रीचे बारा धरले आणि यूटीसीत साठवले. आपल्या हिशोबाने ९ जून, संध्याकाळचे साडेसहा व्हायला हवेत. साठतात साडेपाच! कारण युद्धकाळात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, भारताची प्रमाणवेळ एक तास पुढे नेलेली होती. टाइमझोनच्या डेटाबेसात 'आशिया/कोलकाता' या नावाखाली ही नोंद आहे आणि भाषा ती इमानेइतबारे पाळते.

पुढे छापताना कुणीतरी सरळ साडेपाच तास मिळवतो. उत्तर ९ जून, रात्रीचे अकरा. आधारवर १०, दाखल्यावर ९, आणि हेलपाटे आजींना. प्रोग्रामरने स्वतःची १९९८ ची तारीख घालून तपासलेलं असतं. ती बरोबरच येते. म्हणून हा घोळ टेस्टिंगमध्ये सापडत नाही, तो थेट पेन्शनच्या रांगेत सापडतो.

तेव्हा वेळ साठवताना ऑफसेटवर विसंबू नका, झोनचं नाव घ्या. साडेपाच तर आज कोलंबोचाही आहे. नावसुद्धा वापरणाऱ्याच्या ब्राउझरकडून घ्या. सर्व्हरला विचारलंत तर तो स्वतःचं सांगेल, आणि तो बहुधा यूटीसीवर असतो.

पण जन्मतारखेला हेही नको. ती क्षण नाहीच, नुसती तारीख आहे. जावात लोकलडेट, पायथनमध्ये डेट. टाइमझोनचा संबंधच ठेवायचा नाही.

१९०६ च्या आधीच्या नोंदी असतील तर मात्र पंचाईत. मुंबईची वेळ वेगळी, मद्रासची वेगळी, दोहोंत सुमारे अर्धा तास. डेटाबेसात मुंबईचं स्वतंत्र नाव नाही. तिथे ४ तास ५१ मिनिटं हा ऑफसेट आपणच हाताने द्यायचा.