घरखरेदीचा करार, हक्कातील दोष आणि खरेदीदाराची माघार

नांदुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी जुने घर विकावयास निघाले म्हणजे व्यवहाराचा आरंभ बहुधा इसारपावतीने होतो. ओळखीपाळखीच्या भरवशावर रक्कम आधी हातावेगळी होते आणि कागदपत्रे मागाहून पाहिली जातात. ती पाहिल्यावर हक्कात दोष आढळला, तर खरेदीदारास मागे फिरता येते काय, आणि आले तर इसाराचे काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक उदाहरण कल्पू. नांदुऱ्यातील एका गृहस्थाने स्वकष्टार्जित पैशातून घर बांधले व मृत्युपत्र न करता तो १९९८ मध्ये वारला. पत्नी आधीच निवर्तली होती. मागे एक मुलगा व दोन विवाहित मुली. नगरपरिषदेच्या कर-आकारणीच्या नोंदवहीत मुलाचे एकट्याचेच नाव लागले. पुढे मुलाने घर विकण्याचा करार केला व इसार घेतला. खरेदीदाराच्या वकिलाने वारस कोण कोण, असे विचारले, तेव्हा बहिणींची गोष्ट उघडकीस आली.

येथे पहिला समज दूर केला पाहिजे. आकारणीची नोंद कर कोणाकडून वसूल करावयाचा एवढेच सांगते; मालकी तिने सिद्ध होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ अन्वये अधिकार-अभिलेखातील नोंद खरी असल्याचे गृहीत धरतात, परंतु ते गृहीतही विरुद्ध पुराव्याने खोडून काढता येते. वऱ्हाडात तर कागदांचे थर अनेक आहेत. हा प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १९२८ ची वऱ्हाडची महसूल संहिता, १९५६ मधील मुंबई राज्यातील समावेश, १९६० चे महाराष्ट्र राज्य आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आलेला वरील अधिनियम, अशा निरनिराळ्या राजवटींचे दस्तऐवज एकाच घरामागे असू शकतात. त्यात जागा नझुलाची असेल, तर विक्रेता मालक नसून सरकारचा पट्टेदार असतो व पट्ट्याच्या शर्ती निराळ्या पाहाव्या लागतात.

आपल्या उदाहरणात हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे तिन्ही अपत्यांस प्रत्येकी एकतृतीयांश वाटा मिळाला. मग बहिणी इतकी वर्षे स्वस्थ का राहिल्या? याचे एक कारण कायद्यातच होते. कुटुंबातील व्यक्तींच्या संपूर्ण वहिवाटीत असलेल्या राहत्या घराची वाटणी, पुरुष वारस आपले हिस्से वेगळे करून घेईपर्यंत, स्त्री वारसास मागता येत नसे. ते कलम २३ सन २००५ च्या दुरुस्तीने वगळले गेले. वाटा पूर्वीही होताच. तो मागण्याच्या आड आलेली भिंत तेवढी पडली. जुनी घरे खरेदी करणाऱ्याने ही दुरुस्ती विसरू नये.

आता माघारीचा अधिकार पाहू. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५५(१) विक्रेत्यावर असे बंधन घालते की, त्यास ठाऊक असलेला आणि खरेदीदारास सर्वसाधारण काळजी घेऊनही न कळणारा मालमत्तेतील अथवा हक्कातील महत्त्वाचा दोष त्याने प्रकट केला पाहिजे. वगळणूक कपटाची ठरते, असेही तेच कलम सांगते. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम १७ नुसार रास्त शंकेपासून मुक्त असा हक्क जो देऊ शकत नाही, त्या विक्रेत्यास कराराची अंमलबजावणी खरेदीदारावर लादता येत नाही. हक्क खोटाच आहे हे खरेदीदाराने शाबीत करावयाचे नसते; रास्त शंका पुरे होते. ‘आहे त्या स्थितीत’ असे शब्द इसारपावतीत असतील, तर मात्र प्रश्न अवघड होतो; कारण कलम ५५ ची बंधने विरुद्ध करार नसेल तरच लागू पडतात.

तरीही घाईने फिरणे धोक्याचे. बहिणींनी विक्रीस संमती दिली, अथवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिले, तर दोष नाहीसा होतो. म्हणून लेखी नोटीस देऊन वाजवी मुदतीत हक्क निर्वेध करण्यास सांगणे हा मार्ग प्रशस्त वाटतो. कारणावाचून फिरणाऱ्याचा इसार बुडतो. फतेचंद विरुद्ध बालकिशन दास या १९६३ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने इसाराचे १,००० रुपये विक्रेत्याकडे राहू दिले, परंतु किमतीपोटी आगाऊ दिलेले २४,००० रुपये जप्त करू दिले नाहीत. पावतीत कोणती रक्कम इसार व कोणती किमतीचा भाग हे स्पष्ट लिहिण्याचे महत्त्व यावरून कळते.

योग्य कारणाने माघार घेणाऱ्यास कलम ५५(६)(ब) प्रमाणे दिलेल्या किमतीबरोबर इसारासाठीही मालमत्तेवर बोजा मिळतो. कलम ५४ अन्वये विक्रीच्या करारामुळे मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. त्या पार्श्वभूमीवर ही तरतूद विशेष मोलाची होय. परंतु तिच्यात एक मर्म आहे : बोजा विक्रेत्याच्या हितसंबंधापुरताच असतो. आपल्या उदाहरणात तो भावाच्या एकतृतीयांशावर चढेल, बहिणींच्या वाट्यांवर नाही. विक्रेत्याचा हक्क मुळातच नसेल, तर हे संरक्षण पोकळ ठरते. म्हणजे दोष जितका मोठा तितका बोजा दुबळा. कायद्याच्या या रचनेवर टीका करावयास जागा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

नुकसानभरपाईचे काय? इंग्लंडात फ्ल्यूरो विरुद्ध थॉर्नहिल (१७७६) या निवाड्यापासून असा नियम होता की, निष्कपट विक्रेत्याचा हक्क सदोष निघाल्यास खरेदीदारास अनामत व खर्च एवढेच मिळावे. मुंबई उच्च न्यायालयाने नागरदास विरुद्ध अहमदखान या, १८९७ च्या निवाडेमालेत प्रसिद्ध झालेल्या, प्रकरणात तो नियम येथे नाकारला. करारविषयक अधिनियमाचे कलम ७३ असा अपवाद करीत नाही, हे त्याचे कारण.

कोणी म्हणेल, भावाचा तिसरा हिस्साच घ्यावा. तसे करणाऱ्यास कलम ४४ प्रमाणे अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घराचा सामाईक ताबा मिळत नाही, आणि त्याने वाटणीचा दावा लावल्यास १८९३ च्या वाटणी अधिनियमाच्या कलम ४ खाली घरातील सहहिस्सेदार त्याचा वाटा न्यायालयाने ठरविलेल्या किमतीस विकत घेऊ शकतात. घर हवे असलेल्या माणसास या मार्गाने घर मिळत नाही.

शेवटी मुदत. मुदतीचा अधिनियम, १९६३ यातील अनुच्छेद ६२ अन्वये मालमत्तेवरील बोजा वसूल करण्यास बारा वर्षे मिळतात. रक्कम केवळ विक्रेत्याकडून व्यक्तिशः मागावयाची, तर सामान्यतः तीनच. आणि अंमलबजावणीच्या दाव्यात इसार परत मिळण्याची मागणी वादपत्रात स्पष्टपणे केलेली नसेल, तर कलम २२ प्रमाणे न्यायालय ती देत नाही; राहून गेली असल्यास दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर वादपत्रात दुरुस्ती करून ती घालता येते.