गर्दीच्या स्मारकांच्या ‘प्रीमियम’ सहली : छायाचित्रकारांनी जादा पैसे मोजावेत का?

नवी दिल्ली : सूर्योदयाच्या वेळी ताजमहाल, जनतेसाठी दरवाजे उघडण्यापूर्वीची व्हॅटिकन संग्रहालये, रांगेत न थांबता प्रवेश, सोबत खासगी मार्गदर्शक... जगातील सर्वाधिक गर्दीच्या स्थळांवर अशा महागड्या, म्हणजेच ‘प्रीमियम’ सहलींचा व्यवसाय आता रुजला आहे. त्यांच्या जाहिरातींत बहुधा निर्मनुष्य स्मारकाचे देखणे छायाचित्र असते. साहजिकच कॅमेरा घेऊन निघालेल्या प्रवाशाला ही सहल आपल्यासाठीच आखली आहे, असे वाटते. मात्र सामान्य पर्यटकाची सोय आणि छायाचित्रकाराची गरज या दोन गोष्टी अनेकदा परस्परविरोधी असतात.

पर्यटकाला कमी वेळात अधिक पाहायचे असते, तर छायाचित्रकाराला एकाच जागी थांबून प्रकाशाची वाट पाहायची असते. त्यामुळे जादा रक्कम भरण्यापूर्वी त्या पैशांतून नेमके काय मिळते, याची फोड करणे हिताचे ठरते.

पैशांतून काय मिळते?

प्रीमियम सहलीत साधारणतः पाच गोष्टी विकल्या जातात. इतरांच्या आधी किंवा नंतर प्रवेश, तिकिटाच्या रांगेतून सुटका, लहान गट, माहीतगार मार्गदर्शक आणि वाहनव्यवस्था. यांपैकी छायाचित्रावर थेट परिणाम करणारी गोष्ट पहिली. रांग टळली तर वेळ वाचतो. पण आत तेवढीच गर्दी असेल, तर चित्रात फरक पडत नाही. वातानुकूलित मोटार आणि हॉटेलातील न्याहारी यांचा तर छायाचित्राशी संबंधच नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा, की त्या स्थळी सर्वसामान्यांच्या आधी आत जाण्याची अधिकृत सोय आहे का? उत्तर स्थळागणिक बदलते आणि निर्णयही त्यावरच अवलंबून राहतो.

ताजमहाल : दरवाजा सर्वांसाठी एकाच वेळी

वर्षाला ६० लाखांहून अधिक पर्यटक येणारा ताजमहाल शुक्रवार वगळता रोज सूर्योदयापूर्वी सुमारे अर्धा तास उघडतो आणि सूर्यास्तापूर्वी अर्धा तास बंद होतो. दिवसाच्या नेहमीच्या प्रवेशात, सहल कितीही महाग असली तरी ही वेळ बदलत नाही. भारतीयांसाठी प्रवेशशुल्क ५० रुपये असून मुख्य समाधीपर्यंत जाण्यासाठी आणखी २०० रुपये द्यावे लागतात. ‘सूर्योदय सहल’ घेतलेला पर्यटक आणि ५० रुपयांचे तिकीट घेऊन पहाटे रांगेत उभा राहिलेला पर्यटक, दोघेही त्याच सुरक्षा तपासणीतून आत जातात. परदेशी पर्यटकांसाठी स्वतंत्र रांग असली, तरी ती त्यांच्या तिकिटाचाच भाग आहे.

नियमांतही सवलत मिळत नाही. मुख्य समाधीच्या आत छायाचित्रणास मनाई आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने जुलै २०१८ मध्ये देशातील संरक्षित स्मारकांच्या आवारात छायाचित्रणाची मोकळीक दिली, तेव्हाही ताजमधील समाधी, अजिंठ्याची लेणी आणि लेहचा राजवाडा यांना त्यातून वगळले होते. ताजच्या आवारात सामान्य तिकिटावर ट्रायपॉड नेता येत नाही आणि ड्रोनला परिसरात बंदी आहे. तिकिटाची मुदत तीन तासांची असते. त्यामुळे पहाटे आत जाऊन संध्याकाळच्या प्रकाशापर्यंत थांबण्याचा बेत एका तिकिटात बसत नाही.

दिल्लीहून निघणाऱ्या एकदिवसीय सहलींचे वेळापत्रक तर विशेष काळजीपूर्वक पाहावे लागते. हजरत निजामुद्दीन स्थानकावरून सुटणारी गतिमान एक्स्प्रेस सकाळी आठनंतर निघून दहाच्या आत आग्रा छावणी स्थानकात पोहोचते. प्रवास सुखाचा होतो, परंतु ताजच्या दारात पोहोचेपर्यंत कोवळे ऊन संपलेले आणि बागेत गर्दी झालेली असते. त्याऐवजी आदल्या रात्री आग्र्यात मुक्काम करून पहाटे पायी किंवा बॅटरीवरील वाहनाने प्रवेशद्वार गाठणे कमी खर्चाचे आणि छायाचित्रणासाठी कितीतरी अधिक लाभाचे ठरते.

प्रकाशाची दिशा

ताजची मुख्य समाधी बागेच्या उत्तर टोकाला, यमुनेच्या काठावर आहे. बागेतून दिसणारे तिचे परिचित रूप म्हणजे दक्षिणेकडचा दर्शनी भाग. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडे उगवतो. बागेत उभे राहून समाधीकडे पाहिले, तर प्रकाश उजवीकडून, किंचित पाठीमागून येतो आणि संगमरवरावर उबदार छटा पसरतात. जूनच्या सुमारास सूर्योदय ईशान्येला होतो. तेव्हा हाच दर्शनी भाग सकाळी सावलीत राहतो आणि पूर्वेची बाजू उजळते. ‘सूर्योदयाचा ताज’ हे शब्द वर्षभर विकले जात असले, तरी त्यातून मिळणारे चित्र ऋतूनुसार वेगळे असते.

डिसेंबर-जानेवारीत आणखी एक अडचण उद्भवते, ती धुक्याची. उत्तर भारतातील दाट धुक्यात काही सकाळी समाधी दिसतच नाही. विरळ धुके चित्राला खुलवते, तर दाट धुके दिवस वाया घालवते. या काळात सहलीची तारीख बदलण्याची मुभा आहे का, हे आरक्षणापूर्वीच विचारणे आवश्यक ठरते.

नदीपलीकडील मेहताब बाग हा छायाचित्रकारांचा जुना पर्याय आहे. अल्प शुल्कात तेथून ताजची उत्तरेकडची बाजू दिसते. उन्हाळ्यातील संध्याकाळी वायव्येकडे झुकलेला सूर्य हीच बाजू उजळतो, म्हणजे बागेतील सकाळ ज्या ऋतूत निराश करते, त्याच ऋतूत मेहताब बागेतील सायंकाळ साथ देते. ठरावीक सहलीत ही बाग अनेकदा ‘वेळ उरल्यास’ या सदरात जाते, तर संगमरवरी वस्तूंच्या दुकानातील थांबा मात्र चुकत नाही.

रात्रीचे दर्शन

ताजमध्ये खऱ्या अर्थाने मर्यादित प्रवेश मिळतो तो पौर्णिमेच्या सुमारास. पौर्णिमेची रात्र, तिच्या आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन अशा पाच रात्री, शुक्रवार आणि रमजानचा महिना वगळून, दर्शन खुले असते. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने २००४ मध्ये ही व्यवस्था पुन्हा सुरू झाली. प्रत्येकी ५० जणांचे आठ गट रात्री सोडले जातात आणि प्रत्येक गटाला अर्धा तास मिळतो. भारतीय प्रौढांसाठी हे तिकीट ५१० रुपयांचे आहे.

दिवसाच्या तुलनेत गर्दी नगण्य असते. पण ट्रायपॉड नसतो, समाधीजवळ जाता येत नाही आणि दुरूनच पाहावे लागते. मंद चांदण्यात हातात कॅमेरा धरून स्पष्ट चित्र मिळवणे कठीण जाते. अनुभव म्हणून ही रात्र अविस्मरणीय ठरू शकते. छायाचित्रासाठी मात्र तिच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही.

व्हॅटिकन : जेथे आधीचा प्रवेश खरोखर मिळतो

रोममधील व्हॅटिकन संग्रहालयांची गोष्ट वेगळी आहे. तेथेही वर्षाला ६० लाखांहून अधिक लोक येतात; परंतु नियमित वेळेपूर्वी मोजक्या लोकांना आत नेणाऱ्या सहली उपलब्ध असतात. सुमारे १२० मीटर लांबीच्या नकाशा दालनात दुपारी डोक्यांचा महासागर उसळलेला असतो. तेच दालन पहाटे रिकामे मिळाले, तर सोनेरी छत आणि भिंतींवरील नकाशे एका चौकटीत घेता येतात. साध्या तिकिटात न मिळणारी ही संधी आहे, म्हणून येथे जादा रकमेला अर्थ आहे.

तरीही दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. सिस्टीन चॅपेलमध्ये छायाचित्रणास बंदी आहे. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या तेथील चित्रांच्या जीर्णोद्धाराला जपानच्या निप्पॉन टेलिव्हिजनने अर्थसाह्य केले आणि त्या बदल्यात चित्रीकरणाचे विशेषाधिकार मिळवले. ते अधिकार कधीचेच संपले, बंदी मात्र कायम राहिली. सहल महाग आहे म्हणून ती शिथिल होईल, असे गृहीत धरू नये.

दुसरी बाब मार्गाची. मार्गदर्शकासोबतचे काही गट चॅपेलमधून थेट सेंट पीटर्स बॅसिलिकाकडे नेले जातात. सोय म्हणून हा मार्ग उत्तम आहे; परंतु त्यामुळे संग्रहालयाच्या बाहेर पडण्याच्या वाटेवरील, जुझेप्पे मोमो यांनी रचलेला आणि १९३२ मध्ये पूर्ण झालेला सर्पिलाकार जिना सुटतो. छायाचित्रकारांचे हे अत्यंत आवडते ठिकाण आहे. पर्यटकाची सोय छायाचित्रकाराला कशी महाग पडते, याचे हे नेमके उदाहरण म्हणता येईल.

माचू पिचू आणि अँटिलोप : मार्ग आणि नियम

पेरूमधील माचू पिचू येथे प्रवेश ठरावीक वेळेचा आणि ठरावीक मार्गाचा असतो. २०२४ पासून तेथे तीन मुख्य परिक्रमा असून त्यांचे एकूण दहा मार्ग आहेत. फिरणे एकाच दिशेने असते, मागे वळण्याची मुभा नसते आणि ट्रायपॉडला मनाई आहे. जगभर परिचित असलेले, वरून दिसणारे नगरीचे दृश्य खालच्या बाजूने जाणाऱ्या तिसऱ्या परिक्रमेत मिळत नाही. तिकिटावर चुकीची परिक्रमा असेल, तर सोबत कितीही निष्णात मार्गदर्शक असला तरी ते चित्र हाती लागत नाही. म्हणजे येथे सहलीच्या दर्जापेक्षा तिकिटावरील परिक्रमेला महत्त्व आहे.

अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात नवाहो जमातीच्या भूमीवर असलेली अँटिलोप घळ या संदर्भात बोलकी आहे. मार्गदर्शकाविना तेथे प्रवेशच मिळत नाही. पूर्वी अप्पर अँटिलोपमध्ये छायाचित्रकारांसाठी वेगळ्या, अधिक महाग सहली होत. त्यांत ट्रायपॉड चालत असे आणि मार्गदर्शक इतर गटांना काही क्षण थांबवून वाट मोकळी करून देत. अरुंद घळीत ही व्यवस्था वाढत्या गर्दीत टिकणे अवघड होते आणि पुढे या सहली बंद झाल्या. त्या सहलींत जादा रकमेच्या बदल्यात थांबण्याचा अवधी आणि ट्रायपॉडची परवानगी मिळत असे. आज कोणत्याही ‘फोटो टूर’चा कस याच दोन निकषांवर लावावा लागतो.

अजिंठा : मार्गदर्शकाचे मोल

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. चित्रे असलेल्या लेण्यांत प्रकाश मुद्दाम मंद ठेवलेला असतो आणि रंगांच्या रक्षणासाठी फ्लॅशला मनाई आहे. येथे लवकर पोहोचल्याने गर्दी टळते, पण अंधार तेवढाच राहतो. मग जाणकार मार्गदर्शक कामाला येतो. भिंतीवर कोणती जातककथा कोठे सुरू होते, पद्मपाणीच्या भोवती कोणत्या आकृती आहेत, हे त्याने दाखवल्यावर नजर स्थिरावते. पुढे चित्रओळी लिहिणाऱ्या छायाचित्रकारासाठी ही माहिती मोलाची असते. मात्र त्यासाठी अधिकृत परवाना आणि ओळखपत्र असलेला मार्गदर्शक काही तासांसाठी घेणे पुरेसे ठरते, संपूर्ण महागडी सहल विकत घेण्याची गरज नसते.

कोणाला फायद्याचे, कोणाला नाही?

हाताशी एकच दिवस असलेला, परक्या देशात भाषा न जाणणारा किंवा कुटुंबासोबत फिरताना जमेल तेवढी छायाचित्रे काढणारा प्रवासी प्रीमियम सहलीवर समाधानी राहू शकतो. जिथे वेळेआधीचा प्रवेश केवळ अशा सहलीतूनच मिळतो, तिथे गंभीर छायाचित्रकारानेही तिचा विचार करावा.

याउलट ताजसारख्या, सर्वांना एकाच वेळी उघडणाऱ्या स्थळी तीच रक्कम आणखी एका रात्रीच्या मुक्कामावर खर्च करणे श्रेयस्कर आहे. दोन सकाळी मिळाल्या, तर एक धुक्यात गेली तरी दुसरी उरते. छायाचित्रे विकून चरितार्थ चालवणाऱ्यांनी आणखी एक भेद लक्षात ठेवावा. पर्यटकाचे तिकीट आणि व्यावसायिक चित्रीकरणाची परवानगी या वेगळ्या बाबी आहेत. भारतातील संरक्षित स्मारकांवर अशा चित्रीकरणासाठी पुरातत्त्व विभागाकडे आगाऊ अर्ज करावा लागतो. सहल कंपनीचे आरक्षण त्या परवानगीची जागा घेऊ शकत नाही.

आरक्षणापूर्वी विचारायचे प्रश्न

– जनतेसाठी प्रवेश सुरू होण्याच्या किती मिनिटे आधी गट आत जातो? ही वेळ लेखी मिळेल का?

– गटात जास्तीत जास्त किती जण असतील?

– एका जागी किती वेळ थांबता येईल? गट पुढे गेल्यावर मागे राहण्याची मुभा आहे का?

– ट्रायपॉड, मोठी लेन्स आणि पाठीवरची बॅग यांबाबत स्थळाचा नियम काय आहे? कंपनीच्या आश्वासनाऐवजी स्मारकाच्या अधिकृत संकेतस्थळावरील नियम प्रमाण मानावा.

– सहल कोणत्या मार्गाने जाते आणि कोठे संपते? खरेदीचे थांबे वगळता येतील का?

– धुके, पाऊस किंवा अचानक बंदमुळे बेत फसल्यास रक्कम परत मिळेल का?

या प्रश्नांपैकी पहिल्या आणि तिसऱ्याचे उत्तर स्पष्ट व समाधानकारक असेल, तर जादा पैसे मोजण्यास हरकत नाही. ती दोन उत्तरे मोघम असतील, तर साधे तिकीट काढावे, जवळ मुक्काम करावा आणि दार उघडण्यापूर्वी रांगेत हजर राहावे.