मानेची कळ आणि सुईचे टोक

चेन्नईच्या सेंट्रल स्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशांत औषधोपचारासाठी आलेली कुटुंबे पुष्कळ असतात. स्थानकासमोरच राजीव गांधी शासकीय रुग्णालय आहे. १६६४ साली सेंट जॉर्ज किल्ल्यात कंपनीच्या शिपायांसाठी सुरू झालेल्या लहानशा रुग्णालयाचेच हे विशाल रूप होय. शहराचे नाव मद्रास होते त्या काळात, १९५० साली, डॉ. बी. राममूर्ती यांनी येथे मेंदू व मज्जारज्जू यांवरील शस्त्रक्रियांच्या कार्यास आरंभ केला. तेव्हापासून या विद्येत या नगरीचा लौकिक आहे.

परंतु लौकिक कितीही मोठा असला, तरी ‘मानेच्या मणक्यात सुई घ्यावी लागेल’ असे ऐकताच घरची माणसे दचकतात. ही भीती अगदीच निराधार नाही; मात्र ती आंधळी असू नये.

मानदुखीच्या बहुतेक रुग्णांना या सुईची गरजच पडत नाही. औषधे, व्यायाम व काही आठवड्यांचा धीर यांनी उतार पडतो. मणक्यांमधील चकती सरकून मज्जातंतूचे मूळ दाबले गेले, कळ हातात उतरू लागली आणि इतर उपायांनी गुण आला नाही, तरच सुईचा विचार करावयाचा. तिने दाब नाहीसा होत नाही. मुळाभोवतीचा दाह काही काळ शमतो.

सुईचा एक धडा एका वैद्याने स्वतःच्या देहावरच गिरविला. १८९८ साली जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बीअर यांनी स्वतःच्या पाठीच्या कण्यात सुई टोचवून घेतली. पिचकारी सुईवर नीट बसेना आणि मेरुद्रव गळून गेला. पुढे नऊ दिवस, उठून बसले की डोके दुखे आणि आडवे झाले की थांबे. आवरणाला पडलेले भोक किती महागात पडते, हे त्यांना असे कळले.

मानेत तर ते आवरण भेदावयाचेच नसते. औषध त्याच्या बाहेर सोडावयाचे असते. ती जागा अवघी काही मिलिमीटर रुंद. मागील बाजूने जाताना वक्र टोकाची टुओही सुई वापरतात. ऊतींचा अडसर संपल्याचे तिने हाताला चटकन कळते. मानेच्या वरच्या भागात जागा अधिकच अरुंद असल्याने तज्ज्ञ तळाशी, सातव्या मणक्याखालून जाणे पसंत करतात.

बाजूने जाताना धोका निराळा असतो. तेथून मेंदूला व मज्जारज्जूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या जातात. कणयुक्त स्टेरॉईड रोहिणीत शिरले, तर कण अडकून पक्षाघात होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली मणक्यातील स्टेरॉईडच्या सुयांबाबत अशा विरळा, पण गंभीर अपायांचा इशारा दिला. म्हणून येथे डेक्सामेथासोनसारखे कणविरहित औषध श्रेयस्कर मानतात. बोथट टोकाची सुई रोहिणी भेदण्याचा संभव कमी करते, परंतु ते अभयदान नव्हे.

बारीक सुई म्हणजे सुरक्षित सुई, हाही भ्रमच. सुईचा अंक जितका मोठा तितकी ती बारीक. भोक लहान पडते खरे, पण अशी सुई वाकू शकते; आणि पिचकारी मागे ओढल्यावर रक्त दिसले नाही, म्हणजे टोक रोहिणीत नाही, अशी खात्री देता येत नाही. यास्तव क्ष-किरणांच्या चलत्चित्राखाली आधी त्यात दिसणारे द्रव सोडून, ते योग्य जागी पसरल्याचे पाहून मगच औषध द्यावयाचे.

तेव्हा संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी आपण नम्रपणे चार गोष्टी विचाराव्या : सुई कोणत्या मार्गाने जाणार? औषध कणयुक्त की कणविरहित? क्ष-किरणांचे साहाय्य असणार ना? आणि काही टोचल्यास सांगता यावे इतका रुग्ण जागा राहणार ना? रक्त पातळ करणारी औषधे, मधुमेह, गर्भारपण वा एखाद्या औषधाची ॲलर्जी असल्यास ते आपण होऊन सांगावे. चालू औषध मात्र परस्पर बंद करू नये. नंतर हातापायांत दुर्बलता, ताप, लघवीवरचा ताबा जाणे किंवा बसताच वाढणारी डोकेदुखी आढळल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

प्रश्न विचारणे म्हणजे वैद्यावर अविश्वास नव्हे. चांगल्या वैद्याला असे प्रश्न आवडतात, कारण त्यांची उत्तरे त्याने सुई हाती घेण्यापूर्वीच स्वतःला दिलेली असतात.