न चावलेल्या सापाचे भय

नांदगाव तालुक्यात कांद्याला पाणी भरायला पुष्कळदा रात्रीच शेतात जावे लागते, कारण शेतीपंपाची वीज पाळीने रात्री येते. बांधावर नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी कोणीही असू शकते. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तेव्हा काठी आपटत चालणाऱ्या शेतकऱ्याच्या भीतीला आजार म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. पण सापाचे नुसते चित्र दिसले तरी छाती धडधडते, त्या भयाने माणूस शेताची वाटच सोडतो, तेव्हा ते भय शहाणपणाचे राहिलेले नसते. अशा भयाचे मूळ आपण जुन्या एखाद्या प्रसंगात शोधतो. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: ते इतकी वर्षे टिकते कशाने?

आधी मुळाकडेच पाहू. जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी १९२० मध्ये एका तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवताना लोखंडी कांबीवर हातोडा मारला. मूल पुढे नुसत्या उंदराला भिऊ लागले. प्रयोग क्रूर होता आणि एकाच मुलावरचा, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभी राहत नाही. शिवाय सापाला थरथरणाऱ्या कित्येकांना कधी पान लागलेलेच नसते. स्टॅन्ली रॅकमन यांनी १९७७ मध्ये याचे उत्तर दिले: भीती स्वतःच्या अनुभवातून येते, तशीच दुसऱ्याला घाबरताना पाहून आणि नुसते ऐकूनही येते. नाग डूख धरतो, हे लहानपणी ऐकलेले पोर पुढे साप न पाहताही भिते. मग मोटारसायकलच्या अपघातांबद्दल रोज ऐकूनही तिची अशी धास्ती क्वचितच का बसते? सुसान मिनेका आणि मायकेल कुक यांनी प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांना चित्रफिती दाखवल्या. दुसरे माकड सापाला घाबरताना पाहून ती सापाला भिऊ लागली. तेच माकड फुलांना घाबरते असे दाखवले, तर फुलांना भ्याली नाहीत. काही भीती शिकायला मन आधीच तयार असते, असे मार्टिन सेलिगमन १९७१ मध्ये म्हणाले होते, त्याला यातून बळ मिळते.

पण ही तयारी सगळ्यांत असेल, तर सगळेच का पछाडले जात नाहीत? स्वभावाचा, आनुवंशिकतेचा वाटा आहेच. तरी मला होबार्ट मॉवरर यांचे १९४७ चे म्हणणे सर्वांत मोलाचे वाटते. घाबरलेला माणूस पाठ फिरवतो, लगेच हायसे वाटते आणि मन शिकते की पळालो म्हणूनच वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर वळतो. काही झाले नसते, हे कळायची संधीच उरत नाही. ‘तू नको जाऊ, मी बघतो’ म्हणणारे घरचे लोक मायेपोटीच ते भय पोसतात. यावर कोणी म्हणेल, मग काय सापापुढे ढकलायचे? मुळीच नाही. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्येच सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या मुलाला खाऊ देत देत ससा हळूहळू जवळ आणला होता. आज उपचारक आधी चित्र दाखवतो, मग चित्रफीत. पुढे कात्रजच्या सर्पोद्यानासारख्या ठिकाणी काचेपलीकडचा साप. प्रत्येक पायरीवर भय आपोआप ओसरू लागेपर्यंत थांबायचे, कारण मध्येच पळाले की जुनाच धडा पक्का होतो. गावात मानसोपचारतज्ज्ञ नसला, तरी १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीत, पैसे न देता विचारता येते.