पॅरिसातलं आठवडाभराचं बिऱ्हाड

पॅरिसला जायचं ठरलं आणि हॉटेलऐवजी घर भाड्याने घ्यायचं ठरलं, की शोधाशोध बहुतेक वेळा एकाच प्रश्नापासून सुरू होते: खिडकीतून आयफेल टॉवर दिसतो का? दिसत असेल तर भाडं भरमसाट असतं, आणि त्या एका खिडकीपायी लिफ्ट, नीटशी झोपायची जागा, जवळचं दुकान, सगळ्यावर पाणी सोडलं जातं. टॉवर ३३० मीटर उंच आहे. शहरात फिरताना तो दहा ठिकाणांहून डोकावतो. सहा नंबरच्या मेट्रोत बसलं, तर बीर-हाकेम आणि पासी या स्टेशनांच्या मधे गाडी सेन नदीवरचा पूल ओलांडते आणि तो तिकिटाच्या पैशांत अख्खा समोर येतो. घर मात्र सकाळी उठून चहा करायला, दिवसभर चालून आलेले पाय पसरायला आणि रात्री शांत झोपायला हवं असतं. ते त्याच हिशेबाने निवडावं.

मुळात पॅरिस लहान आहे. कडेची दोन मोठी वनं धरूनही शहराचं क्षेत्रफळ जेमतेम १०५ चौरस किलोमीटर भरतं. बृहन्मुंबई सहाशेच्या पुढे आहे. शहराचे वीस विभाग आहेत, त्यांना तिथे आराँदिसमाँ म्हणतात. १८६० साली माँमार्त्र, बेलव्हिल, पासी, बेर्सी अशी आजूबाजूची गावं शहरात घेतली गेली आणि बारा विभागांचे वीस झाले. लूव्हरच्या परिसरातल्या पहिल्या विभागापासून हे आकडे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गोल गोल बाहेर सरकत जातात. पत्त्यातल्या पिनकोडचे शेवटचे दोन आकडे म्हणजे विभागाचा क्रमांक. ७५००४ असेल तर चौथा, ७५०१२ असेल तर बारावा. एवढं कळलं तरी जाहिरातीतलं ‘अगदी मध्यवर्ती’ कितपत खरं आहे, ते नकाशा न उघडता समजतं.

इतक्या लहान शहरात किलोमीटर मोजण्यात अर्थ नाही. मुंबईत घर बघताना आपण आधी कुठली लाइन, हे विचारतो आणि मग स्टेशनपासून किती मिनिटं, ते. पॅरिसलाही हेच दोन प्रश्न विचारायचे. दोन लाइनी बदलून ‘जवळच्या’ घरी पोचण्यापेक्षा एकाच गाडीने थेट ‘लांबच्या’ घरी पोचणं केव्हाही सुखाचं, विशेषतः आई-बाबा किंवा सासू-सासरे सोबत असतील तर. पॅरिसची मेट्रो १९०० सालची आहे. जुन्या लाइनींवर बहुतेक स्टेशनांना लिफ्ट नाही, आणि गाडी बदलायची म्हणजे लांबलचक बोगदे आणि जिने. चौदा नंबरच्या नव्या लाइनवर मात्र प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे.

पहिल्यांदाच जाणाऱ्या, मुलं आणि वडीलधारी बरोबर असलेल्या कुटुंबाने कुठे राहावं, असं मला कोणी विचारलं तर मी बारावा विभाग सांगेन. गार द लियाँ आणि नासिओं या दोन स्टेशनांच्या मधला पट्टा. पर्यटनाच्या पुस्तकांत त्याला फारसं पान मिळत नाही, पण सोयीच्या बाबतीत त्याला तोड नाही. नासिओंहून एक नंबरची मेट्रो बास्तीय, लूव्हर, शाँझेलिझे आणि विजयकमानीपर्यंत थेट जाते. सहा नंबरची तिथूनच सुटते आणि आयफेल टॉवरपाशी नेऊन सोडते. दोन नंबरचीही तिथूनच सुटते. तिने माँमार्त्रच्या टेकडीच्या पायथ्याशी जाता येतं. मुलांचा डिस्नेलँडसाठी हट्ट असेलच, त्यासाठी आरईआर ए ही उपनगरी गाडीही नासिओंलाच मिळते. फक्त फलाटावरच्या फलकावर मार्न-ला-व्हाले दिसल्याशिवाय चढू नये, कारण पुढे या लाइनीला फाटे फुटतात. आपल्याकडचे बरेच जण पॅरिसनंतर स्वित्झर्लंडला जातात. झुरिक, जिनिव्हा, लोझानच्या वेगवान गाड्या गार द लियाँवरूनच सुटतात. सकाळच्या गाडीसाठी बॅगा घेऊन शहर पार करायचं नसलं, की शेवटची रात्र निवांत जाते.

आणि या भागात रोजचं जगणं आहे. आलिग्रचा बाजार सोमवार सोडून रोज सकाळी भरतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाजी-फळांच्या हातगाड्यांसारख्या मांडण्या, त्यांवर कोथिंबीर आणि पुदिन्याच्या भरघोस जुड्या, ओरडून भाव सांगणारे विक्रेते. मधल्या चौकात जुन्या वस्तूंचे ढीग, पलीकडे छपराखालची मंडई. दुपार झाली की दर उतरतात आणि पेट्या रिकाम्या होऊ लागतात. ज्यांना सकाळच्या फेरफटक्याशिवाय चैन पडत नाही, त्यांच्यासाठी कूले व्हेर्त आहे. बास्तीयहून व्हँसेनकडे जाणारी जुनी रेल्वे १९६९ साली बंद झाली. तिच्या मार्गावर, काही भागात उंच कमानींवर, आता झाडं, बाकं आणि चार-साडेचार किलोमीटरची पायवाट आहे. कमानींच्या भागात खालून वाहनं जातात आणि वर आपण गुलाबांच्या वेलींमधून चालतो. चढायला जिना आहे, तेवढं लक्षात ठेवावं.

सातवा विभाग, म्हणजे टॉवरच्या पायथ्याचा, देखणा आहे यात शंका नाही. पण तिथे मंत्रालयं आणि दूतावासांचे लांबच लांब रस्ते आहेत. संध्याकाळनंतर सामसूम, आणि खाणं महाग. टॉवर जवळच हवा असेल तर शेजारचा पंधरावा घ्या. तिथे कुटुंबं राहतात आणि र्‍यू द्यू कॉमेर्सवर लागेल ते मिळतं. मारे, म्हणजे तिसरा-चौथा विभाग, जोडप्यांना आवडेल. इमारती शे-दोनशे वर्षांहून जुन्या, जिने अरुंद, खालच्या बारचा आवाज मध्यरात्रीपर्यंत. माँमार्त्रला टेकडी आहे, हे छायाचित्रात कळत नाही, गुडघ्यांना कळतं. गार द्यू नॉर स्टेशनच्या आसपास घरं स्वस्त मिळतात, पण गर्दी आणि पाकीटमार दोन्ही जास्त. त्या भागाचं खरं आकर्षण ला शापेल. तमिळ लोकांच्या दुकानांत कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, तांदूळ, डाळी सगळं मिळतं, आणि जवळच र्‍यू पाजोलवर गणपतीचं देऊळ आहे. हे देऊळ १९८५ पासूनचं. गणेशोत्सवाच्या सुमारास एका रविवारी तिथून रथ निघतो, रस्त्यावर नारळ फुटतात आणि हजारो लोक जमतात. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात जात असाल तर तारीख बघून ठेवा. मुक्काम तिथेच करायची गरज नाही, नासिओंहून दोन नंबरची मेट्रो थेट ला शापेलला जाते.

आता घराकडे. फ्रान्समध्ये स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सोडून खोल्या मोजतात. जाहिरातीत ‘टी २’ किंवा ‘दोन पिएस’ असेल, तर ते आपलं वन बीएचके: एक बैठकीची खोली, एक झोपायची. ‘चार जणांसाठी’ असं लिहिलेलं असलं तर दोघांनी सोफा उघडून झोपायचं, हे धरून चाला. चाळीस चौरस मीटर म्हणजे सुमारे ४३० चौरस फूट. त्यात चार मोठी माणसं आणि चार मोठ्या बॅगा आठवडाभर कशा मावतील, हे डोळ्यांपुढे आणा. सहा जणांचं कुटुंब असेल तर एक मोठं घर शोधत बसण्यापेक्षा एकाच इमारतीत किंवा एकाच गल्लीत दोन लहान घरं घेणं सोयीचं पडतं. संडासही दोन होतात, आणि सकाळी आठ वाजता त्याची किंमत कळते. जुन्या घरांत संडासाची खोली वेगळी असते, आत वॉशबेसिन नसतं आणि जेट तर नसतोच. एक मग जवळ ठेवावा.

सगळ्यात घोळ होतो तो मजल्यावरून. पॅरिसच्या मध्यभागातल्या पुष्कळ इमारती एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. त्या वेळी मालक दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि मोलकरणी छपराखाली सहाव्या मजल्यावर. त्या खोल्यांचेच आज ‘छपरांचा देखावा असलेले’ स्टुडिओ झाले आहेत. लिफ्ट नंतर कधीतरी जिन्याच्या मधल्या पोकळीत बसवलेली. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला बॅग घेऊन खाली थांबावं लागतं. काही लिफ्ट पाचव्यापर्यंतच जातात आणि सहावा पायी चढायचा असतो. ‘साँ आसाँसर’ असं लिहिलं असेल तर लिफ्ट नाही. काहीच लिहिलं नसेल तरी नाहीच असं समजा. छपराखालच्या खोल्यांना आणखी एक त्रास आहे. पॅरिसची छपरं जस्ताच्या पत्र्याची, घरांत एसी सहसा नसतो, आणि २५ जुलै २०१९ रोजी या शहरात पारा ४२.६ अंशांवर गेला होता. जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी मधला मजला आणि आतल्या चौकाकडे उघडणारी खोली मागावी. उजेड थोडा कमी मिळतो, पण झोप लागते.

स्वयंपाकघराचा फोटो मोठा करून बघा. शेगडी काचेची, सपाट काळी असेल तर ती बहुधा इंडक्शन, आणि त्यावर आपला ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. न्यायचाच असेल तर इंडक्शनवर चालणारा स्टीलचा न्या. २०१५ पासून फ्रान्समध्ये प्रत्येक घरात धूर ओळखणारा भोंगा सक्तीचा आहे. मोहरी-मिरचीची फोडणी करायच्या आधी खिडकी उघडलेली बरी. रात्री दहा ते सकाळी सात आवाजाबद्दल शेजारी फार काटेकोर असतात. भिंती पातळ, लाकडी जमीन वाजते. मुलांना घरात पळू देऊ नका.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो नेमका दुर्लक्षिला जातो. पॅरिसात घर पर्यटकांना भाड्याने देणाऱ्याला महापालिकेचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि तो जाहिरातीत द्यावा लागतो. क्रमांक तेरा अंक-अक्षरांचा असतो. पहिल्या पाच आकड्यांत ७५१ आणि त्यापुढे विभाग, म्हणजे बाराव्यासाठी ७५११२. देशभर एकच नोंदणी करण्याची तरतूद २०२४च्या कायद्यात झाली आहे, त्यामुळे रूप बदलू शकेल, पण क्रमांक हवाच. मालक स्वतः राहतो ते घर वर्षाला १२० दिवस देता यायचं. १ जानेवारी २०२५ पासून पॅरिसने ही मर्यादा ९० दिवसांवर आणली. कारण साधं आहे. घरं पर्यटकांना देण्यात जास्त पैसा मिळू लागला आणि तिथल्या शिक्षकांना, परिचारिकांना शहरात राहायला जागा मिळेना. गोव्यातही पर्यटकांना घर द्यायचं तर १९८२च्या कायद्याप्रमाणे पर्यटन खात्याकडे नोंद करावी लागते, तेव्हा ही गोष्ट आपल्याला परकी नाही. बेकायदा घराचा दंड मालकाला होतो, पण जाहिरात काढून टाकली गेली तर आयत्या वेळी रस्त्यावर यायची वेळ आपल्यावर येते. आणि ज्या गावात पाहुणे म्हणून जायचं, तिथल्या माणसांची घरं हिसकावणाऱ्या व्यवहाराला आपण पैसे का द्यावेत?

क्रमांक नसेल तर ते घर सोडून द्या, कितीही सुंदर असलं तरी. बुकिंगच्या संकेतस्थळाच्या बाहेर, थेट बँकेत पैसे भरायला सांगणाऱ्याशी बोलणंच थांबवा. रात्रीचा दर बघून हुरळू नका. त्यावर सफाईचे पैसे, संकेतस्थळाचं शुल्क आणि पर्यटन कर लागतो, तेव्हा शेवटची बेरीजच ताडून बघा. अठरा वर्षांखालच्या मुलांना हा कर नाही.

आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो आणि अर्जासोबत राहण्याच्या जागेचा पुरावा द्यावा लागतो. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत फुकट रद्द करता येईल असंच बुकिंग करा, आणि पावतीवर पूर्ण पत्ता व सगळ्यांची नावं आहेत ना, ते बघा.

मुंबईहून रात्री सुटणारी विमानं सकाळी पोचतात आणि घराचा ताबा दुपारी तीन-चारला मिळतो. बॅगा कुठे ठेवायच्या, हे आधीच ठरवा. शार्ल द गोल विमानतळावरून टॅक्सीचे दर ठरलेले आहेत: २०२५च्या दराने सेनच्या उजव्या तीरावर ५६ युरो, डाव्या तीरावर ६५. विमानतळाच्या रेल्वेचं तिकीट २०२५ साली माणशी १३ युरो होतं. बारावा विभाग उजव्या तीरावर येतो, म्हणजे त्या दराने चौघांना रेल्वेला ५२ आणि टॅक्सीला ५६ पडायचे. चार युरोंसाठी चौघांनी बॅगा घेऊन जिने चढू नयेत. टॅक्सी फक्त अधिकृत रांगेतलीच घ्यावी.

घर पसंत पडलं की मालकाला एक निरोप पाठवा: कितवा मजला, लिफ्ट कुठपर्यंत, खरे पलंग किती, शेगडी कसली, सगळ्यात जवळचं मेट्रो स्टेशन कोणतं आणि तिथून चालत किती मिनिटं. सरळ उत्तर देणारा मालक पुढेही नीट वागतो. उत्तर टाळलं, किंवा ‘काळजी करू नका’ एवढंच कळवलं, तर पैसे भरू नका, दुसरं घर बघा. पॅरिसात घरांना तोटा नाही.